कान कुणाच्या हाती द्यायचा

माझ्या उजव्या कानाची पाळी अकरा वर्षं दोन फाकांत होती. झेंडूची गोणी डोक्यावरून उतरवताना तिची सुतळी कानातल्या झुब्यात अडकली आणि झुबा पाळी चिरून खाली आला. रक्त फार गेलं नाही. हळद लावली, जखम भरली, पण दोन तुकडे दोनच राहिले. एका कानात घालून दुसरा मोकळा ठेवणं बरं दिसेना, म्हणून डावाही मोकळा केला. तेव्हापासून डोक्यावरचा पदर कानाखाली ओढून धरायची सवय लागली. मी मुळातच कमी बोलते. पदरामुळे आणखी कमी बोलू लागले, कारण बोलताना पदर सरकतो.

मुलीच्या साक्षगंधाच्या दिवशी व्याह्यांकडच्या एका बाईनं मला कुंकू लावताना पदर मागे सारला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "अवं माय! कान कोनं तोडला तुमचा?" बायका हसल्या. मुलगी हसली नाही. दुसऱ्या दिवशी मेथी निवडता निवडता ती मला म्हणाली, "आई, लग्नातही असाच पदर धरून बसशील का वं?" लग्नाला पाच महिने होते. मुलीच्या लग्नाचं निमित्त झालं, पण खरं सांगायचं तर कान नीट व्हावा असं मलाच अकरा वर्षं वाटत होतं. कुणाला सांगायची लाज वाटायची.

माझी मोठी ननंद अकोल्याला असते. तिला कळलं तसा तिचा फोन आला. "माह्या घराजवळ पार्लरवाली हाय. औषध लावून कान चिकटवते. सुई नाई, टाका नाई. सोमवारी ये, बाकी मी पायतो." तिनं ठरवलं की ठरलं. मी बडनेऱ्याहून गाडीत बसले आणि सोमवारी तिच्याबरोबर त्या खुर्चीत जाऊन बसले.

पार्लरवाली बोलायला गोड होती. माझा कान कापसानं पुसत म्हणाली, "काकू, कोनाले समजनार बी नाई का हा कान कधी तुटला होता. पयले दोन्ही कडा जरा जाळा लागतात, मंग चिकटवतो."

मी विचारलं, "कशानं?" पण माझा आवाज माझ्यापाशीच राहिला. ननंदेनं ऐकलं आणि मोठ्यानं विचारलं, "कशानं जाळता म्हनते ती."

"औषध हाय."

"नाव काय त्याचं?"

"नावाचं काय लोणचं घालता का ताई? कान जुळल्याशी मतलब!"

ननंद हसली. पार्लरवालीनं फडताळातून बोटाएवढी बाटली काढली. तिच्यावर कागद नव्हता. कागद खरवडून काढल्याचा पांढरा डिंक तेवढा दिसत होता.

आम्ही माळी. वांग्यावर, फुलकोबीवर फवारणी करतो. औषधाच्या बाटलीवर लाल, पिवळी, निळी, हिरवी खूण असते, नाव असतं, किती पाण्यात किती घालायचं ते असतं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मी हळू वाचते, पण प्रत्येक बाटली वाचल्याशिवाय पंपात ओतू देत नाही. कागद निघालेली बाटली सासरे बांधाच्या पलीकडे पुरायला लावायचे. जे वांग्यावर मारलं नसतं, ते मी कानाला लावून घ्यायला निघाले होते.

तरी मला नको म्हणता येईना. मी म्हणाले, "मले जरा बाहेर जाऊ द्या, लघवीले लागली." आणि बाहेर येऊन जी चालत सुटले, ती कोपऱ्यावरच्या रसवंतीपाशी थांबले.

ननंद मागून धापा टाकत आली. "काहून पळाली वं तू? माही काय इज्जत राह्यली तिच्यापुढं?"

"बाई, बाटलीवर नाव नव्हतं."

"नाव! मोठी मास्तरीणच झाली! पाच जणी तिच्याकडून कान चिकटवून गेल्या."

तिनं दोन गिलास रस सांगितला, रागारागात माझ्या हातात एक दिला आणि स्टेशनपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

त्या आठवड्यात सासूबाईंचे डोळे दाखवायला अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या एका सिस्टरला आमच्या मळ्यातला सांबार, म्हणजे कोथिंबीर, आवडतो. मी नेहमी तिच्यासाठी एक जुडी नेते. त्या दिवशी जुडी देताना धीर केला आणि पदर बाजूला करून कान दाखवला. अकोल्याचं सगळं सांगितलं.

सिस्टरच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बरं झालं पळाल्या. कडा जाळून चिकटवलेलं बहुतेक टिकत नाई. पिकलं तर पाळीच गळून जाते. मंग चांगल्या डॉक्टरकडे जाल, तर शिवाले काई उरत नाई."

आता उशीर होण्यापूर्वी नीट माणूस शोधायचा, एवढंच मला कळलं. सिस्टरनं सांगितलं की असं काम प्लास्टिक सर्जन करतात. पाट्यांवर इंग्रजीत लिहिलेलं असतं म्हणून तिनं कागदावर त्यांच्या डिग्रीची अक्षरं, एम.सी.एच., काढून दिली. मला इंग्रजी येत नाही. मी ती चित्रासारखी लक्षात ठेवली: दोन डोंगर, मग अर्धा चंद्र, मग शिडी. खाली नोंदणीचा नंबर असायला हवा, तेही सांगितलं. आणि म्हणाली, "पाटी पाहून मुकाट्यानं परत येऊ नका. तोंडानं विचारा. शिकलेल्या डॉक्टरले राग येत नाई."

हे तोंडानं विचारणं माझ्यासाठी सगळ्यांत अवघड होतं. आठवडाभर सांबाराच्या जुड्या बांधताना मी वाक्य घोकलं. तुमची डिग्री कोणती, तुम्ही अशा कानांची कामं केली आहेत का. जुडीला दोरी आवळायची आणि वाक्य म्हणायचं. सासूबाईंना वाटलं मी जप करते.

अमरावतीतल्या एका दवाखान्याच्या पाटीवर ती अक्षरं सापडली. मी रस्त्यात उभी राहून कागदाशी एकेक जुळवलं. आमचे हे सोबत होते. म्हणाले, "चाल ना वं, लोकं पाहून राह्यले." मी नंबर पण पाहिला आणि मगच आत गेले.

डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून लहान. त्यांनी ह्यांच्याकडे बघून विचारलं, "काय त्रास आहे?" मी पदर काढला. आणि घोकलेलं वाक्य पार विसरून माझ्या तोंडून आलं, "तुम्ही किती शिकल्या?"

ह्यांना ठसका लागला. "अवं, डॉक्टरले असं इचारतेत का!"

मला वाटलं जमीन फाटावी. पण डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि वर्गात समजवावं तसं सांगितलं. बारावीनंतर साडेपाच वर्षं डॉक्टरकी, मग तीन वर्षं ऑपरेशनचं, मग आणखी तीन वर्षं फक्त ह्याच कामाचं. भिंतीवरचा कागद दाखवला, त्यावरचा नंबर माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतला. मग म्हणाल्या, "विचारलंत ते फार चांगलं केलंत. जास्त बायका विचारत नाहीत." मी मनातल्या मनात बोटं मोजली. मी जिथं थांबले त्या चौथीच्या पुढे ही बाई जवळजवळ वीस वर्षं शिकली होती, आणि मला तिचा हेवा नाही वाटला, धीर आला.

त्यांनी गोड काही सांगितलं नाही. बारीक रेघ राहील म्हणाल्या. तीन महिने भोक पाडायचं नाही, लग्नात हलकं घालायचं, जड झुबे पुन्हा कधीच नाहीत. "तीन महिने चालेल ना?" असं विचारलं. कुणाला कळणारही नाही म्हणणाऱ्या बाईपेक्षा रेघ राहील म्हणणारी बाई मला जवळची वाटली.

सुन्न करायची सुई तेवढी दुखली. नंतर फक्त दोरा ओढल्याचा आवाज कानातच येत होता. शिवता शिवता त्या विचारत होत्या, सांबार हिरवागार कसा ठेवायचा. मी ओल्या फडक्याचं सांगितलं. इतकं मी परक्या माणसाशी कधी बोलले नव्हते. आठव्या दिवशी टाके निघाले.

ननंद तोवर रुसून होती. टाके निघाल्यावर ती अकोल्याहून आली, मला दारात उजेडात उभं केलं आणि पाळी चिमटीत धरून पाहिली. "दुखते का?" म्हणाली. नाही म्हटल्यावर म्हणाली, "माहीच अक्कल कमी. त्या पार्लरवालीकडच्या एकीचा कान पिकला वं. मी तुले तिथंच बसवत होती." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिचा हात धरला. तिनं मला ओढून नेलं नसतं तर मी पदराखालून कधी निघालेच नसते. सिस्टरचे उपकार आहेतच, पण ननंदेचेही आहेत, चुकीच्या दारी नेलं तरी.

तीन महिन्यांनी भोक पाडायला गेले. लहानपणी सोनारानं कान टोचले तेव्हा मी आईच्या मांडीवर होते. कुठं टोचायचं ते मला कोण विचारणार होतं. डॉक्टरबाईंनी शिवणीची रेघ सोडून बाजूला पेनानं ठिपका दिला, माझ्या हातात आरसा दिला आणि म्हणाल्या, "बघा, इथं चालेल?"

मी बराच वेळ पाहिलं. पदर खांद्यावर होता. मग म्हणाले, "थोडं वर घ्या."

त्यांनी ठिपका पुसला आणि थोडा वर काढला.