वेदीपाशी ठेवलेली कोंबडी

प्रिय छबू,

तुझ्याविषयी लिहितेय, हे आधीच सांगून टाकते. नंतर तोंड फुगवायचं काम नाही. आपल्या चर्चच्या महिला मंडळाच्या अंकाला आपल्यातल्या एका बहिणीची साक्ष, म्हणजे विश्वासाचा अनुभव, हवी आहे. तू समोर शेंगा फोडत बसली होतीस, म्हणून तू.

वाचणाऱ्यांना तू कोण ते कळायला हवं. सेलूत रेल्वेलाइनच्या पलीकडे राहतेस, हंगामात कापूस वेचतेस, एरवी कोंबड्या पाळतेस. तुझा नवरा वैजीनाथ झरीचा. दोघांनी बाप्तिस्मा घेतला तो लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. शेवटच्या आजारात त्यानं एकच मागितलं होतं: मला रानात आईशेजारी माती दे. तू त्याला टेम्पोत घालून झरीला नेलंस. थोरला दीर आधीच गेलेला, त्यामुळे रानात हुकूम तुझ्या जावेचा, पार्वतीबाईचा. त्या बांधावर आडव्या उभ्या राहिल्या. "त्यानं देव बदलला, आता रान बी दुसरं बघा." तुमच्या घरात पुरतातच, तेव्हा अडचण मातीची नव्हती, चर्चच्या पाळकांनी तिथं करायच्या प्रार्थनेची होती. टेम्पो वळवून सेलूला आणलास आणि इथल्या दफनभूमीत त्याला ठेवलंस.

त्यानंतर आला हंगामाचा सण. त्या रविवारी आपल्याकडे जो तो पहिलं पीक आणतो. ज्वारी, भोपळे, अंडी, जे असेल ते. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो. तू काळी कोंबडी आणलीस. पाळकसाहेब जीवनराव उपदेशात सांगत होते की, दान आणताना कुणाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर दान वेदीपाशीच ठेवावं आणि आधी समेट करून यावं. तू उठलीस. पाय बांधलेली कोंबडी वेदीपाशी ठेवलीस आणि चालू उपदेशात बाहेर पडलीस. पाळकसाहेबांना वाटलं, बाईला उलटी होतेय. तू स्टँडवर गेली होतीस.

बस बदलत झरी गाठलीस. दार बंद. आतून आवाज आला, "घरी कुणी न्हाई."

"मग बोलायलाय कोण, अक्का?"

"कुणी न्हाई म्हनलं ना."

परत आलीस तोवर लिलाव आटोपला होता. पाळकसाहेब म्हणाले, आता देऊन टाका. तू म्हणालीस, "समेट न्हाई झाला सायेब. आजून हे दान न्हाई." मग घरी ने म्हटलं, तर वेदीपाशी ठेवलेलं उचलायचं कसं, म्हणे. कोंबडी चर्चच्या आवारात राहिली. पाळकांच्या बायकोनं, राजेश्रीनं, तिला दाणे घातले. ती अंडी घालायला लागली. अंडी कुणाची, यावर पंचकमिटीत चर्चा झाली. मी सचिव, म्हणून माहीत. काहीच ठरलं नाही. अंडी पाळकसाहेबांनी खाल्ली.

मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, "गुन्हा तिचा. तू कशाला एसटीचे धक्के खातेस?"

"तिच्या मनात हाय ना, बाई. लय हाय. म्हनून तर दार उघडंना."

तू जात राहिलीस. पार्वतीबाई ओसरीवरून म्हणायच्या, "आली का येशूची पोस्टमनीण." तू म्हणायचीस, "पानी तरी द्या अक्का. तुमच्या देवाच्या नावानं द्या." पाणी मिळालं नाही.

मग पार्वतीबाई न्हाणीत पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यांचा मुलगा भारत पुण्याला. त्या दिवशी तू गेलीस तेव्हा दार उघडं होतं, कारण ते लावायला त्यांना उठता येत नव्हतं. भारतला रजा मिळेपर्यंत तू तिथं राहिलीस. त्यांना शौचाचं भांडं दिलंस, काढलंस, वेणी घातलीस. निघताना त्या म्हणाल्या, "माझं चुकलंच, छबे. वैजूच्या नावाचा दगड आन. सासूबाईच्या शेजारी बसवू. मी जेवू घालते सगळ्यांना."

पुढच्या हंगामाच्या सणाला तू कोंबडी रीतसर अर्पण केलीस. लिलावात राजेश्रीनंच घेतली. मंडळीनं टाळ्या वाजवल्या. साक्ष इथं संपवली असती तर अंकाला बरी दिसली असती.

पण दगड घडवून झालाय. वर क्रूस, खाली वैजीनाथचं नाव. तुझ्या घरात जागा नाही म्हणून माझ्या ओट्यावर आणला. तुझ्यासोबत मी येणार, हेही ठरलं. पहिल्यांदा तू म्हणालीस, वेचणी आहे. नंतर म्हणालीस, आभाळ आलंय. आभाळ कोरडं ठणठणीत होतं. शेवटी मी सरळ विचारलं.

"माफ कवाच केलंय, बाई. हागमूत काढलं तिचं. पर तिच्या पंगतीला बसायचं, तिच्या हातचं खायचं, अन् तिनं गावाला सांगायचं, बघा, जागा मी दिली. ते न्हाई."

"मग वैजीनाथचं काय?"

"त्याला काय, तो देवाजवळ हाय."

"मग आईशेजारी माती त्यानं कशाला मागितली?"

तू शेंगांची टरफलं गोळा करायला लागलीस.

पार्वतीबाई आता काठी घेऊन चालतात. मला फोन करतात. "छबीला म्हना, दगड लवकर आना. भारत रान विकायचं म्हनायलाय. घेनारा कोन, कसा, कुनाला ठावं." मी निरोप दिला. तू हो म्हणालीस. सोमवारी सकाळी निघायचं ठरलं. मी टेम्पोवाल्या प्रीतमला बोलावलं, इस्त्रीची साडी नेसून ओट्यावर बसले. तू उजाडायच्या आत कापूस वेचायला गेली होतीस. प्रीतमनं दगड एकदा हलवून बघितला, चहा घेतला आणि रिकामा टेम्पो घेऊन देवगाव फाट्याकडे निघून गेला.