लेकीला रोट चालत नाही

परवा पुतणी सांगत होती, आता म्हणे विसर पडलेल्या म्हाताऱ्यांना दिवसभर ठेवून घेणारी केंद्रं निघालीत. वर त्यांचं करणाऱ्या घरच्यांचीही बैठक भरते. जो तो आपलं रडगाणं गातो आणि बाकीचे ऐकून घेतात. मी म्हटलं, बाई गं, आमच्या वेळी असं काही असतं तर मी अनवाणी चालत गेले असते. आमच्या वेळी त्या दुखण्याला धड नावही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण. ऐकायला गोड आहे. पण लहान पोर कडेवर घेता येतं. माझी सासू चांगली उंचीपुरी, आणि माझा डोळा चुकवून कडी काढली की थेट बाजाराच्या रस्त्याला लागायची.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आम्ही जळगावला होतो. नवरा भुसावळला रेल्वेत, त्याच्या पाळ्या कधी दिवसा, कधी रात्री. मूलबाळ नव्हतं. घरात मी आणि सासूबाई. त्यांना तिन्ही मुलगेच, लेक नाही. त्या मला ओळखेनाशा झाल्या होत्या आणि कामवालीला हाक मारावी तसं "ओ बाई" म्हणायच्या. न्हाऊ घालायचं, भरवायचं, लुगडं बदलायचं, आणि त्यांनी विचारायचं, "ओ बाई, तू कोठली शे?" पहिल्या पहिल्यांदा मी सांगायचे. मग सोडून दिलं. दिवसच्या दिवस माझं नाव कुणाच्या तोंडी येत नसे.

आधार होता तो एका शेजारणीचा. मारवाडी घर, पुढे किराणा दुकान. दुपारी ती सासूबाईंना आपल्या ओसरीवर बसवून हातात डाळीचं सूप द्यायची. हात काही विसरले नव्हते, त्या मन लावून खडे वेचायच्या. निवडून झाली की तीच डाळ दुसऱ्या दिवशी पुन्हा सुपात. तेवढ्या वेळात मी दार लावून मेल्यासारखी झोपायचे. आता केंद्रं काय करतात ते मला माहीत नाही, आमच्या गल्लीचं केंद्र ते एवढंच. आणि त्या श्रावणात शेजारीण म्हणाली, त्यांचं दुकान इंदूरला हलतंय, दिवाळीनंतर जाणार.

मी ठरवलं, रोटांना सगळे जमतील तेव्हा सासूबाईंचा विषय काढायचा. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. भाऊबंद एका घरी जमतात, देवीला रोटांचा, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्यांचा नैवेद्य असतो, आणि तो कुळातल्यांनीच खायचा. शेजाऱ्यापाजाऱ्याला द्यायचा नाही. लग्न झालेल्या लेकीलाही नाही, कारण ती दुसऱ्या कुळाची झाली. सुनेचा मात्र हक्काचा. त्या वर्षी कानबाई धुळ्याला थोरल्या दिरांकडे होती. नवऱ्याला रजा मिळाली नाही. सासूबाईंचा हात घट्ट धरून मी एकटीच एसटीने गेले.

संध्याकाळी आरतीआधी सगळे बसले होते तेव्हा मी बोलले. आढेवेढे घेतले नाहीत. म्हटलं, आई तिघांची आहे, तर चार-चार महिने वाटून घेऊ, मी पार थकले. मग धाकट्या दिरांना शेतीची कामं आठवली, धाकटीला मुलांची शाळा आठवली. थोरल्या जाऊबाई मोठ्या गोड बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, आमचं नाही कुठे आहे, पण त्यांना तुमची सवय; त्या तुम्हालाच ओळखतात, आमच्याकडे एक दिवस राहायच्या नाहीत. मला इतका संताप आला. म्हटलं, अहो, त्या मलासुद्धा ओळखत नाहीत, बाई म्हणतात बाई. थोरले दीर म्हणाले, आधी देवीचं होऊ द्या, मग बघू.

आरती झाली. पानं मांडली. मी सासूबाईंच्या शेजारी बसले, त्यांना भरवायला. जाऊबाईंनी त्यांच्या पानात रोट वाढला, मग माझ्या. सासूबाई माझ्या पानाकडे बघत राहिल्या. एकाएकी त्यांनी तो रोट उचलून आपल्या पानात ठेवला आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

"पोरी, तू मनी लेक शे ना? तुले हाऊ रोट चालत नही, माय. तू आते दुसराना घरनी शे."

मग थोरले दीर हसले, जाऊबाई हसल्या. जाऊबाई म्हणाल्या, "बघा, मी म्हणत नव्हते? लेक म्हणाल्या तुम्हाला. आता लेकीपासून आईला कोण तोडणार?"

झालं. विषय तिथेच मिटला. पुन्हा कुणी काढला नाही आणि माझ्याच्यानं काढवला नाही. धाकटी जाऊ म्हणाली, त्यांचा डोळा चुकवून घ्या एक रोट, त्यांना काय कळतंय. मला नाही घेववला. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्यांची कुणीतरी झाले होते, ते मोडायचं कसं? मी स्वयंपाकघरात जाऊन सकाळची भाकरी खाल्ली. बाहेर सगळे भाऊबंद हसत-बोलत जेवत होते. मला रडू येत होतं आणि आतून बरंही वाटत होतं, आणि हे सांगावं असं त्या घरात एक माणूस नव्हतं.

दिवाळीनंतर शेजारणीच्या दाराला कुलूप लागलं. मी एक सूप आणलं आणि आमच्याच ओट्यावर डाळ घेऊन त्यांच्यासमोर बसू लागले. झोप गेली ती गेलीच. "ओ बाई" मात्र बंद झालं. खडे वेचता वेचता त्या मान वर करायच्या आणि काळजीने विचारायच्या, "पोरी, तू सासरी कव्हय जाशी?"

मी म्हणायचे, "जाईन हो आई, उद्या."