पाठ फिरवून बसलेला पोपट

माझ्या हातात कला नाही. लहानपणीही नव्हती. ज्यांच्या हातात असते त्यांना शिकवावं लागत नाही, आणि मला तर एक फुली शिकायला आठ दिवस लागले. तरी मी शिकले, ती आत्यामुळे. तिचा जीव मोठा चिवट.

चौथीची परीक्षा झाली आणि वडिलांनी माझी शाळा बंद केली. पोरीला पत्र वाचता आलं की पुरे, असं त्यांचं म्हणणं. मी रडले वगैरे नाही. शाळेत उर्दूचे मास्तर कान पिरगाळायचे, घरी माय शेण काढायला लावायची, एवढाच फरक पडला. आमचं गाव भालकीपासून चार कोसांवर. निजामाचं राज्य होतं, रझाकारांची धामधूम सुरू व्हायला अजून चार-पाच वर्षं होती. मी दहा वर्षांची.

त्याच उन्हाळ्यात थोरल्या बहिणीचं, म्हणजे आक्काचं, लग्न ठरलं. सोयरे उदगीरकडचे. आमच्याकडे तेव्हा रुखवत म्हणजे लाडू, करंज्या, शेवया, सांडगे. पण त्यांच्याकडून निरोप आला की आमच्या थोरल्या सुनेनं रुखवताच्या ताटावर भरलेला रुमाल आणला होता. असला निरोप म्हणजे मागणंच असतं. वडिलांनी बीदरहून दुसुतीचं पांढरं कापड आणलं, रंगीत दोऱ्यांच्या लडी आणल्या आणि मायपुढे टाकल्या. पुढचं त्यांना काय ठाऊक?

घरात ते काम एकटीला येत होतं. आत्याला. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. तिचं सासर गुलबर्ग्याचं. तिथं शेजारच्या एका मुसलमान बाईनं तिला फुल्यांचं भरतकाम शिकवलं होतं. सतराव्या वर्षी तिचा नवरा पटकीनं गेला आणि ती आमच्याकडे परत आली. मी जन्मले तेव्हापासून ती घरात होतीच. मला न्हाऊ तिनं घातलं, अक्षरं गिरवताना पाटी तिनं धरली. पण लग्नाच्या वस्तूला तिचा हात चालत नव्हता. हळद दळताना ती उठून जायची, तिला कुणी जा म्हणावं लागायचं नाही.

मायनं दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला.

"वन्सं, तुमी तोंडानं सांगा. हात लावू नका. ही भरंल."

ही म्हणजे मी. आक्काला आधी बसवून बघितलं होतं. ती दोनदा मोजणी चुकली आणि दोन्ही वेळा रडली.

आत्या म्हणाली, "वैनी, पोरगी धसमुसळी हाय."

"मग तुमीच सांगा, दुसरी कोण हाय घरात?"

असं माझं शिक्षण सुरू झालं. दुसुती म्हणजे दोन-दोन दोऱ्यांचं विणलेलं कापड, त्यात बारीक भोकं दिसतात. एका भोकातून सुई वर काढायची, तिरकी नेऊन वरच्या कोपऱ्यातल्या भोकात घालायची. मग तिच्यावर उलटी तिरकी. झाली फुली. सांगायला एवढंच आहे. मी दोरा लांब घ्यायची, म्हणजे सारखा ओवावा लागू नये, आणि तो गुंतायचा. ओढून घ्यायची, की कापड चुरगळायचं. सैल सोडायची, की फुली लोंबायची. आत्या हात मागं बांधून बघत बसायची. मागं बांधल्याशिवाय तिला बघवत नसावं.

"हाताएवढाच दोरा घे. न्हाई, तुझ्या हाताएवढा, बाच्या न्हाई."

"दिसत न्हाई मला भोक."

"नीट बघ. तुजं नाक कामून मधी आणायलीस?"

रुमालावर मध्ये कुंडी आणि दोन बाजूंना दोन पोपट, एकमेकांकडे बघत असलेले, असं ठरलं होतं. नक्षीचा कागद नव्हता. नक्षी आत्याच्या डोक्यात होती. ती शेजारी बसून डोळे मिटायची आणि सांगायची, "दोन सोड. पाच भर. एक सोड. आता वर चढ. सहा भर." मी भरायची. मला पोपट दिसत नव्हता, भोकं तेवढी दिसत होती. महिनाभरानं एका संध्याकाळी ती म्हणाली, "आता लांब धर." मी लांब धरलं तर खरंच डाव्या बाजूला पोपट होता. थोडा जाड, पायाशी सैल, पण पोपट. मी ते कापड घेऊन गोठ्यात गेले आणि म्हशीलाही दाखवलं.

दुसरा पोपट सुरू केला आणि घोटाळा झाला. दोऱ्याची गाठ बसली होती, मी ती दातानं तोडायला निघाले. आत्यानं न राहवून हात पुढे केला. कापडाला लागलासुद्धा नाही, पण मायनं चुलीपाशी बसून बघितलं. ती ओरडली नाही. उठून आली, आत्याला उंबऱ्याच्या आत पाट दिला आणि मला बाहेर ओसरीवर बसवलं.

"हितनं सांगा," म्हणाली.

आता आमची तोंडं समोरासमोर आली. मधे उंबरा. ती आतून डोळे मिटून सांगायची, मी बाहेर भरायची. ती म्हणाली उजवीकडं, मी उजवीकडं गेले. वीस-बावीस दिवस आम्ही असं केलं. तिचं उजवं आणि माझं उजवं वेगळं, हे तिच्याही ध्यानात आलं नाही आणि माझ्याही.

ते ध्यानात आलं आक्काच्या. लग्नाला चार दिवस उरले होते. चोच भरून झाली आणि मी रुमाल ओसरीच्या दोरीवर टाकला. आक्का शेवयांची सुपली घेऊन आली आणि थांबली.

"अगं बया! ह्यो तर पाठ करून बसलाय."

एक पोपट कुंडीकडे बघत होता. दुसरा कुंडीकडे शेपटी करून गावाकडे बघत होता. आक्का आधी हसली. पोट धरून हसली. मग सुपली खाली ठेवली आणि रडायला लागली.

"माझ्याच रुमालावर रुसून बसलाय की ह्यो. लोक काय म्हणतील?"

माय आली, बघितलं आणि मटकन खाली बसली. आत्यानं उंबऱ्यातूनच मान लांब केली. रुमालाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा रुमालाकडे. तिचा चेहरा राखेसारखा झाला. मला वाटलं होतं ती मला रागावणार. ती म्हणाली, "बाया माझं नाव घेतील, वैनी. हिनं सांगितलं म्हणून असं झालं, म्हणतील."

ते खरं होतं. गावाला ठाऊक होतं मला कोण शिकवायलंय. आक्काच्या सासरी पुढं काहीही कमी-जास्त झालं, ताप आला, दूध नासलं, तरी बोट आत्याकडे जाणार होतं. आणि मला तिच्याजवळ पुन्हा बसू देणार नव्हते. दहा वर्षांच्या मला पहिलं फारसं कळलं नाही. दुसरं मात्र लगेच कळलं.

"उसव," आत्या म्हणाली.

मी उसवलं. भरायला तीन आठवडे लागले होते, उसवायला एक सकाळ. कापडावर भोकं मोठी झाली, हिरवी लव चिकटून राहिली. ती मी ओल्या फडक्यानं टिपली. उरले तीन दिवस. माझ्या हातानं तीन दिवसांत पोपटाची एक तंगडी झाली असती.

दुसऱ्या दिवशी माय आणि आक्का गावात बोलावणं करायला गेल्या. आत्या उंबरा ओलांडून बाहेर आली, माझ्या शेजारी बसली आणि माझ्या मांडीवरून कापड उचललं.

"आत्या, माय मारंल."

"कुणाला? मला का तुला?"

"मला."

"मग मार खा," ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवला.

तिला भरताना मी पहिल्यांदाच बघत होते. ती ओढत नव्हती. सुई खाली गेली की बोटानं दोरा एवढासा दाबायची, मग सोडायची. फुली जागच्या जागी बसायची. जवळजवळ दोन महिने तिनं मला तोंडानं जे सांगितलं ते मला त्या एका दुपारी कळलं. तोंडानं सांगता येतं ते थोडंच असतं. मधूनमधून ती मला दोन ओळी भरायला द्यायची, की माझा हात विसरू नये.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही त्या बोलावण्याला गेल्या, पण माय लवकर परत आली. आम्हाला पावलं ऐकूच आली नाहीत. आत्याची सुई हवेत थांबली. पोपट मानेपर्यंत आला होता आणि कुंडीकडे बघणार हे दिसत होतं. मायनं पोपटाकडे बघितलं. तिनं पदरानं मान पुसली.

"चोचीला लाल पुरंल का?" तिनं विचारलं.

"न्हाई पुरायचं," आत्या म्हणाली. "उसवण्यात तुकडे झाले."

माय आत गेली. स्वतःच्या पेटीतून लाल रेशमाची एक लड आणली, आत्याच्या मांडीवर ठेवली आणि अंगणाचं दार लावून घेतलं, बाहेरून कुणी येऊ नये म्हणून. मला म्हणाली, "कुणी विचारलं तर तू केलंस." मायबद्दल माझ्या पुष्कळ तक्रारी होत्या आणि आहेत. पण ते दार तिनं लावलं.

लग्नाच्या दिवशी रुखवत मांडलं. आत्या नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत. नवरदेवाची थोरली चुलती, ठसठशीत बाई, नाकात मोठी नथ, तिनं रुमाल उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"ह्यो पोपट एकीचा आणि ह्यो दुसरीचा दिसायलाय. ह्या पोपटाच्या फुल्या सैल, ह्याच्या ताठ."

माय म्हणाली, "एकाच पोरीचं हाय. शिकत शिकत भरलं. आधीचा तसा, मागनं हात बसला."

"कुठाय पोरगी?"

मला पुढं ढकललं.

"कोपऱ्यात जागा हाय. भर बघू एक फूल."

मी आत धावले, आत्याच्या डब्यातून सुई-दोरा घेतला, परत आले. सगळ्या बायका वाकल्या. मी तोंडात पुटपुटत मोजलं, दोन सोड, चार भर. बोटानं दोरा दाबला, सोडला. चार फुल्या बऱ्या बसल्या. पाचवी एक भोक चुकून वर गेली. कुणी काही बोलायच्या आत मी ती उसवली आणि पुन्हा भरली.

चुलती हसली. "हिचंच हाय गं. उसवायची सवय हाय पोरीला." रुमाल तिनं लाडवांच्या ताटावर घातला, दोन्ही पोपट नीट सारखे केले आणि शेवयांकडे वळली.

मी आत पळाले. आत्या भिंतीला टेकून बसली होती. तिला सगळं ऐकू आलं होतं, तरी मी पुन्हा सांगितलं. पाचव्या फुलीचंही सांगितलं. तिनं माझा हात ओढून बघितला, बोटाला सुई लागलीय का ते. मग डबा उघडला.

"सुई कुठाय?"

"रुमालात राहिली. कोपऱ्यात."

"मग हितं काय करायलीस? जा, काढून आण. ती सोयऱ्यांसंगं गेली तर उद्या आपण कशानं भरायचं?"