थंड बरण्यांची खोली

काचेवर शेवाळ धरतं तसे किस्से साठतात. घासून काढले तरी आठवड्यात पुन्हा हिरवे! सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नॉर्वेहून शिकून परतलो आणि भिवंडीत दामूकाकांच्या लूमच्या कारखान्यामागची खोली मागून घेतली. तिथं समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ वाढवायचं होतं. उजेड आणि तापमान बदललं की त्याच शेवाळात कधी प्रथिनं वाढतात, कधी चरबी. ते नीट कळलं तर खाडीकाठी कोळंबीच्या पिल्लांना हवा तसा खाऊ पिकवता येईल! मला धीर नव्हता. काकांनाही नव्हता. "अक्षय्य तृतीयेला तिथं लूम बसनार. तवर काय ते दाखव."

*

अंजूरच्या खाडीचं पाणी मी कॅनमधून एसटीने आणायचो. कंडक्टरला हातभट्टीचा संशय. मी शास्त्र समजावू लागलो. त्याने झाकणभर चाखलं, थुंकला आणि प्रवाशांना म्हणाला, "बसू द्या. गरीब हाय, मीठ परवडत न्हाय."

*

मंद उजेडातलं शेवाळ गर्द हिरवं झालं, लख्ख उजेडातलं फिकट. मी धावत जाऊन काकांना ओढून आणलं. त्यांनी दोन्ही बरण्या निरखल्या.

"फिकं पडलं तर सावलीत ठेव. त्यासाठी नॉर्वेला कशाला गेलास?"

*

थंड बरण्या सिमेंटच्या टाक्यात, बर्फाच्या लादीशेजारी असायच्या. एका सकाळी टाक्यातला पारा चढलेला. शोधत गेलो तर लादी काकूंच्या परातीत, हलवा माशाखाली! मी तापमानाबद्दल कळवळून बोललो. काकू खवले काढत राहिल्या.

"माझ्याकडं पाव्हणे हायेत. तुझ्या शेवाळाकडं कोन येनार हाय?"

*

तृतीयेला काका मिस्त्रीला घेऊन आले, लूमच्या जागा आखायला. बाहेर उन्हाचा जाळ. आत टाक्याच्या गारव्याला, बरण्यांच्या ओळींमध्ये नाइट शिफ्टचा कामगार अन्वरभाई ढाराढूर झोपलेला. काका खेकसले. तो डोळे न उघडता म्हणाला, "सेठ, दो मिनट बैठ के तो देखो."

काका टाक्याच्या कडेला टेकले. मी घाईघाईने सांगू लागलो: थंड बरण्यांत पिल्लांना लागणारी चरबी जास्त दिसतेय, आता फक्त ट्यूबचा उजेड महिनाभर अखंड मिळायला हवा. काकांनी टोपी काढली, हात पाण्यात सोडला. मिस्त्री दोरी धरून ताटकळला. शेवटी काकांनी त्याला परत पाठवलं.

दुपारी खोलीत काकांची खाट आली. काका आडवे झाले.

"खोली तुझी. लूम बसत न्हाईत हितं," ते म्हणाले आणि डोळ्यांवर हात घेतला. "फकस्त त्या ट्यूबा मालव."