भूतकाळाचा तास

माझे सासरे नागपूरच्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. दुसरं महायुद्ध त्यांनी नोकरीत असेपर्यंत दरवर्षी एकदा, साधारण दिवाळीच्या सुट्टीनंतर, संपवलं. कारणं, घटना, परिणाम. परीक्षेत त्यावर प्रश्न हमखास यायचा, म्हणून मुलंही लक्ष द्यायची. सासूबाई गेल्यावर, २००४ साली, आम्ही त्यांना अमेरिकेत बेलव्ह्यूला बोलावून घेतलं. नवरा सकाळीच ऑफिसला जायचा. मी डिपेंडंट व्हिसावर होते, म्हणजे मला नोकरी करायची परवानगी नव्हती. त्यामुळे दिवसभर घरात आम्ही दोघं आणि बाहेर पाऊस. बाबांनी एकदा अख्खी सकाळ पार्किंगमधल्या गाड्या बघण्यात घालवली. संध्याकाळी त्यांनी कोणत्या रंगाच्या किती गाड्या होत्या ते नवऱ्याला सांगितलं, तेव्हा काहीतरी करायला हवं असं आमचं ठरलं.

जवळच्या लायब्ररीत दर बुधवारी इंग्रजी संभाषणाचा फुकट वर्ग चालायचा. मुलांकडे राहायला आलेल्या म्हाताऱ्या आईवडलांसाठी तो होता. बाबांना इंग्रजी वाचता उत्तम यायचं, बोलायची वेळ मात्र आयुष्यात फारशी आली नव्हती. मी त्यांना सोडायला गेले आणि टीचरनी मलाही मदतनीस म्हणून बसवून घेतलं. टीचर म्हणजे साठीतल्या एक हसतमुख अमेरिकन बाई. त्या आमच्याकडून पैसे घेत नसत आणि आमच्यावर चिडतही नसत.

आमच्या टेबलावर आणखी तिघं असायचे. एक रशियन आजी, एक चिनी काका आणि एक जपानी काकू. घरी त्यांच्याबद्दल बोलताना आम्ही हीच नावं वापरायचो, कारण खरी नावं आम्हाला नीट म्हणता येत नव्हती. चिनी काका नेहमी बाबांच्या डाव्या हाताला बसायचे आणि जपानी काकू उजव्या. काकू आधी येऊन बसल्या असल्या तर काका बाबा येईपर्यंत उभे राहायचे. ते आपल्याला मान देतात, असं बाबांना वाटायचं.

तिघांच्या इंग्रजीत एक गोष्ट सारखी होती. सगळं वर्तमानकाळात चालायचं. काल मी भाजी आणते. माझा नवरा दहा वर्षांपूर्वी मरतो. टीचरनी म्हणून एका बुधवारी भूतकाळ घ्यायचं ठरवलं. फळ्यावर त्यांनी लिहिलं, ‘मी लहान होते तेव्हा...’ आणि पुढचं वाक्य स्वतःच पुरं करून दाखवलं. मी लहान होते तेव्हा माझ्याकडे एक कुत्रा होता. मग रशियन आजींकडे बघितलं.

आजी म्हणाल्या, “मी लहान होते तेव्हा मी खळ खाते.”

टीचर हसल्या. लहान मुलं कायकाय तोंडात घालतात, असं काहीसं म्हणाल्या. आजींना वाटलं, आपलं वाक्य अपुरं राहिलं.

“भिंतीवर कागद असतो. कागदाच्या मागे चिकटवायची खळ असते. आई ती काढते. आई ती उकळते.”

“लेनिनग्राड?” बाबांनी विचारलं. आजींनी मान हलवली. बाबा सरसावून बसले. त्यांच्या धड्यात लेनिनग्राडचा वेढा एका ओळीत होता आणि ती ओळ आता समोर येऊन बसली होती. पाव किती मिळायचा, असं त्यांनी विचारलं. आजींनी आपल्याच तळहातावर बोटाने एक लहानसा चौकोन काढून दाखवला.

टीचरना अजून अंदाज आला नव्हता. त्यांचं लक्ष क्रियापदावर होतं. उकळते नाही, उकळली, असं त्यांनी सुधारलं.

“आईने उकळली,” आजी म्हणाल्या. “आई मरते. भाऊ मरतो.”

“मेली,” टीचर सवयीने म्हणून गेल्या. “मेला.”

“आई मेली. भाऊ मेला.”

“व्हेरी गुड,” टीचर म्हणाल्या, आणि मग त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. आजींना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी दोन्ही क्रियापदं वहीत उतरवून घेतली.

पुढचा नंबर चिनी काकांचा होता. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, नानकिंग. मी सहा वर्षांचा आहे. जपान येतो. बाबांच्या धड्यात जपानने चीनवर आक्रमण केलं एवढंच होतं. तिथे मोठी लढाई झाली का, असं त्यांनी विचारलं.

“लढाई लहान,” काका म्हणाले. “लढाईनंतर मोठं.”

टीचरनी त्यांचं वाक्य सुधारलं नाही. जपानी काकू पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. वर्ग संपेपर्यंत त्यांना ते सापडलं नाही.

घरी आल्यावर बाबांनी मला कॉम्प्युटरवर नानकिंग शोधायला सांगितलं. मी पानं छापून दिली आणि स्वयंपाकाला लागले. जेवायला बोलवायला गेले तर चष्मा काढून ठेवून ते नुसतेच बसले होते. शहर पडल्यावर जपानी सैन्य तिथे कित्येक आठवडे होतं, असं त्यांनी मला सांगितलं. माणसं ओळीने उभी करून मारली. बायकांचं जे केलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, माझ्याकडे न बघता पानं उलटी घातली. “आपल्या पुस्तकात हे नव्हतं,” म्हणाले. त्या दिवशी त्यांनी भाजी घेतली नाही. ताकभात मात्र जेवले.

पुढच्या बुधवारी टीचरनी विषय निवडताना काळजी घेतली. युद्ध येणार नाही असा विषय हवा होता. त्यांनी ‘माझ्या आईचं काम’ असा घेतला. सुरुवात पुन्हा स्वतःपासून केली. त्यांची आई तरुणपणी इथल्याच विमानाच्या कारखान्यात होती. पंखांच्या पत्र्यांना रिव्हेट मारायची. पुरुष लढायला गेले होते, म्हणून बायकांनी एवढाली बॉम्बफेकी विमानं बांधली. टीचरनी आईचा एक फोटोही आणला होता. डोक्याला रुमाल बांधलेली एक हसरी मुलगी विमानाच्या पुढच्या चाकाशी उभी होती. फोटो हातोहात फिरला.

जपानी काकूंनी तो नीट बघितला. तोपर्यंतच्या सगळ्या बुधवारांत त्या आपणहून बोलल्या असतील असं मला आठवत नाही.

“चांगलं विमान,” त्या म्हणाल्या. “खूप मोठं. मी बघते.”

टीचर खूश झाल्या. म्युझियममध्ये बघितलंत का, असं विचारलं.

“तोक्योमध्ये. मार्च. पंचेचाळीस.” मग त्यांना आधीचा धडा आठवला असावा. “मी बघितलं,” त्या म्हणाल्या.

बाबांना कळलं. ती बी-ट्वेंटीनाइन विमानं, हे त्यांनी माझ्या कानात सांगितलं. हिरोशिमाच्या आधी त्या विमानांनी एका रात्रीत लाकडी तोक्योचा मोठा भाग जाळला होता. काकू सावकाश, एकेक क्रियापद तपासत बोलत होत्या. त्या दहा वर्षांच्या होत्या. आईने ओली गोधडी त्यांच्या डोक्यावर टाकली. धाकटी बहीण आईच्या पाठीवर बांधलेली होती. सगळे कालव्याकडे पळत होते. पळताना आईचा हात सुटला. सकाळी त्या कालव्याकडे परत गेल्या, तर तिथे खूप लोक होते आणि ओळखू येईल असं कोणी नव्हतं. काकूंनी सगळं भूतकाळात सांगितलं. एकही चूक नव्हती.

टीचरनी फोटो पर्समध्ये ठेवून दिला.

मग चिनी काकांनी बाबांच्या पुढे वाकून काकूंकडे बघितलं. ते काकूंशी पहिल्यांदाच बोलत होते.

“वडील? सैनिक?”

“हो.”

“कुठे?”

“चीनमध्ये,” काकू म्हणाल्या. “परत आले नाहीत.”

“गुड,” काका म्हणाले.

ते वाक्यरचनेबद्दल बोलत नव्हते, हे कोणालाच समजावून सांगावं लागलं नाही. ते उठले, टोपी घातली आणि गेले. काकू जागच्या हलल्या नाहीत. रशियन आजींनी बाबांना विचारलं, आणि तुमच्याकडे? बाबा म्हणाले, आमच्याकडे युद्ध झालं नाही. रॉकेल मिळत नसे.

पुढे दोन बुधवार काका आले नाहीत. तिसऱ्या बुधवारी आले, कारण त्यांच्या सुनेने त्यांना घरी बसू दिलं नाही. त्याच दिवशी बाबांनी टीचरना विचारलं, मला एक वाक्य पुरं करायचं राहिलं आहे, करू का? टीचर म्हणाल्या, अवश्य. खरं तर त्या दिवशी फळांची नावं होती.

बाबांनी इंग्रजीत सांगितलं. मी लहान होतो तेव्हा आमचं गाव चिमूर होतं. बेचाळीस साली नागपंचमीला गावाने इंग्रजांविरुद्ध उठाव केला. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, लोकांनी सरकारी माणसं मारली. मग गोरे सोजीर, म्हणजे इंग्रज सैनिक, आले. गावातले पुरुष पकडून नेले, आणि घराघरांत बायकाच राहिल्या. सोजीर घरांत शिरले. माझी बहीण सोळा वर्षांची होती. मी धान्याच्या कणगीत लपलो होतो. ती मावली नाही.

हे ऐकताना मी टेबलावरच्या प्लास्टिकच्या केळ्याकडे बघत होते. चिमूर मला पुस्तकातून माहीत होतं. पुस्तकात ते वेगळ्या धड्यात येतं, महायुद्धात येत नाही. या बहिणीला, म्हणजे नवऱ्याच्या आत्याला, मी कितीतरी वेळा भेटले होते. त्या भरदिवसा दाराला आतून कडी लावून बसतात आणि माणूस आवाजावरून ओळखल्याशिवाय उघडत नाहीत, हे सगळ्या घराला माहीत होतं. म्हातारपणाचा स्वभाव, असं सगळे म्हणायचे.

टीचर गोंधळल्या होत्या. “पण इंग्रज तर आपल्या बाजूचे होते,” त्या म्हणाल्या.

“हो,” बाबा म्हणाले. “आमच्याही.”

चिनी काकांनी बाबांच्या मनगटावर हात ठेवला आणि वर्ग संपेपर्यंत तो तिथेच राहू दिला. दुसऱ्या बाजूने जपानी काकूंनी पाण्याची बाटली पुढे सरकवली. बाबा प्यायले.

जानेवारीत एका बुधवारी वर्ग चालू असतानाच बर्फ सुरू झाला. बेलव्ह्यूला बर्फाची सवय नाही, दोन इंच पडला तरी बस बंद होतात. चिनी काकांची बस बंद झाली आणि जपानी काकूंची मुलगी ऑफिसात अडकली. दोघांची घरं आमच्याच वाटेवर होती. मी म्हटलं, मी सोडते. बाबा नेहमीप्रमाणे पुढे बसले, त्यामुळे ते दोघं मागे बसले. गाडी गोगलगायीच्या वेगाने चालली होती.

“वडील चीनमध्ये कोणत्या वर्षी जातात?” काकांनी विचारलं. टीचर नसल्यामुळे ते पुन्हा वर्तमानकाळात आले होते.

“त्रेचाळीस,” काकू म्हणाल्या.

“सदतीसमध्ये कुठे?”

“घरी. मासळीचं दुकान.”

मी आरशात बघितलं. काका खिडकीकडे तोंड करून विचार करत होते.

“नानकिंग नाही,” ते म्हणाले.

“नानकिंग नाही,” काकू म्हणाल्या. आणि मग, कोणी विचारलं नसताना, “पण चीन. तिथे त्यांनी काय केलं, मला माहीत नाही.”

“ओके,” काका म्हणाले.

काकूंचं घर आधी आलं. उतरताना त्यांनी आम्हा तिघांना वाकून नमस्कार केला. काकांनी मान हलवली की गाडीच्या धक्क्याने ती हलली, हे मला सांगता येणार नाही. काकांना सोडून आम्ही घरी आलो. जिना चढताना बाबा म्हणाले, “काकूंना तेवढं शेवटचं सांगायची गरज नव्हती. पण सांगितलं.”

वर्ग पुढेही चालला. फळं झाली, कपडे झाले, डॉक्टरकडे काय बोलायचं ते झालं. युद्धावर पुन्हा कोणी बोललं नाही. मार्चमध्ये बाबांचा व्हिसा संपत आला आणि ते परत गेले. रशियन आजींनी निरोप देताना त्यांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. नागपूरला पोहोचेपर्यंत बाबांना त्याचा संकोच वाटत होता.

गेल्यावर काही दिवसांनी त्यांचा फोन आला. ते आपल्या बहिणीकडे जाऊन आले होते. दारात उभं राहून, अक्का, मी आहे, असं सांगितल्यावर तिने कडी काढली. चहा झाला. मग त्यांनी तिला वर्गाबद्दल सांगितलं. खळ खाणाऱ्या आजी, नानकिंगचे काका आणि आईचा हात सुटलेल्या काकू. अक्काने मध्ये एकदाच तोंड उघडलं. त्या काकूंची आई पुढे सापडली का, असं विचारलं. नाही, असं बाबांनी सांगितलं.

“मग?” मी फोनवर विचारलं.

मग अक्का म्हणाली, “माझंही सांगितलंस का रे तिथं?”

बाबा हो म्हणाले.

“कोणत्या भाषेत?”

“इंग्रजीत.”

अक्काने थोडा विचार केला म्हणे. “मग ठीक आहे,” ती म्हणाली, आणि कपबशा विसळायला आत गेली.