जामीनमावशी

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या नेहमी रिकाम्या असायच्या. लोक मागे उभं राहून अख्खं नाटक बघतील, पण तिथे बसायचे नाहीत. कारण तिच्याशेजारी बसलं, की अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावातल्या समस्त मराठी माणसांना वाटणार, यांच्या घरातलं कुणीतरी आत आहे! मावशीला हे पक्कं ठाऊक होतं. ती मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "अवो, बसा ना बाप्पा! पकडणारे वेगळे असतात. मी सोडवणारी आहे."

कोर्टाजवळच्या एका प्लाझात, नेल सलून आणि पिझ्झाच्या दुकानाच्या मध्ये तिचं बेल बॉण्डचं, म्हणजे पैसे घेऊन जामीन राहायचं ऑफिस होतं. मूळची नागपूरची. नवऱ्याच्या औषध कंपनीतल्या नोकरीमुळे इकडे आली, बरीच वर्षं डिपेंडंट व्हिसावर घरात बसली. काम करायची परवानगी मिळाल्यावर या ऑफिसात फोन घ्यायला लागली आणि म्हातारी मालकीण रिटायर झाली तेव्हा लायसन्स काढून तिथेच बसली. लोक पाठीमागे तिला 'जामीनमावशी' म्हणतात हे कानावर आल्यावर तिने काय करावं? फोनच्या व्हॉइसमेलवर रेकॉर्ड करून टाकलं, "जामीनमावशी बोलून राहिली. रडणं झालं की नाव सांगा."

हा व्हॉइसमेल मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझं रडणं झालेलं नव्हतं.

आम्हाला पुण्याहून येऊन वर्षही झालं नव्हतं. माझा नवरा मंदार म्हणजे पिवळा दिवा दिसला तरी गाडी थांबवणारा माणूस. तरी एकदा हायवेवर त्याला स्पीडिंगचं तिकीट मिळालं. त्यावर कोर्टाची तारीख होती. ती त्याने आपल्या पद्धतीने वाचली, आधी दिवस, मग महिना; इथे लिहितात उलटं. कॅलेंडरवर लाल गोल केला, त्या दिवशी ऑफिसातून सुट्टीही घेतली. खरी तारीख त्याच्या महिनाभर आधीच होऊन गेली, आणि कोर्टाच्या लेखी मंदार फरार झाला. एका शनिवारी दुपारी कोथिंबीर आणायला गेला असता गाडीचा मागचा दिवा बंद होता म्हणून पोलिसांनी थांबवला आणि त्याचं नाव तपासलं.

त्याने फोन केला तो अगदी मीटिंगमधल्या आवाजात. "हे बघ, पॅनिक होऊ नकोस. मला अरेस्ट केलंय."

सासूबाई भारतातून आल्या होत्या. मी त्यांना कसंबसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग कोथिंबीर?" आणि दुसऱ्याच क्षणी ओट्याला टेकून रडायला लागल्या.

मॅजिस्ट्रेटने जामिनाची रक्कम ठरवली. ती आमच्यासारख्या नवख्यांच्या आवाक्यातली नव्हती. सोमवारी मंदारचं नव्या टीमसमोर प्रेझेंटेशन होतं, आणि माझ्या डोक्यात व्हिसा, नोकरी, विमानतळ असं सगळं एकदम फिरत होतं. मी मंडळाच्या अध्यक्षकाकांना फोन लावला. त्यांनी आवाज खाली आणला. "एक नंबर मेसेज करतो. पण मी दिला म्हणून सांगू नका हं."

व्हॉइसमेलवर मी काहीतरी हुंदके ठेवले. लगेच तिचा उलटा फोन आला. "नंबर कोणी दिला ते सांगू नको, सगळ्यांची तीच अट असते. पत्ता सांग. मी येऊन राहिली."

मला वाटलं होतं, कुणीतरी काळा कोट, गंभीर चेहरा येईल. आली ती फुलाफुलांच्या कुर्त्यात, पायात स्नीकर्स, आणि दारातच म्हणाली, "आधी चहा टाक. मला नको, तुम्हा दोघींना." मग सासूबाईंकडे वळली. "ताई, तो कोणत्या कपड्यात गेला होता?"

"हाफ पँट. आणि तो भोकं पडलेला टीशर्ट."

"मग एक चांगला शर्ट इस्त्री करून ठेवा. आतून बाहेर आलेला माणूस घरच्यांना माणसासारखा दिसला पाहिजे."

सासूबाई डोळे पुसून इस्त्री शोधायला गेल्या. इस्त्री करता करता त्यांनी विचारलं, "पण बाई, तुमची त्याची ओळख ना पाळख. त्याच्यासाठी कशा काय उभ्या राहता?"

"आपल्याकडे कोर्टात जामीन राहतात ना, तसंच. इथं फक्त पाटी लावून राहतात," ती म्हणाली. "तुम्ही मला थोडे पैसे द्यायचे, ते काही परत मिळायचे नाहीत, ती माझी रोजीरोटी. मी कोर्टाला शब्द देते, की हा तारखेला येईल. नाही आला तर कोर्ट माझी मान धरते आणि मी हिची." हे म्हणताना तिने माझ्यापुढे सहीसाठी कागद सरकवला. "सही केलीस की तो तुझा कैदी. लक्ष ठेव."

मी व्हिसाचं विचारलं. तिथे मात्र ती हसली नाही. "ते मला नाही कळत, पोरी. त्याला वकील पाहिजे, सोमवारी विचार. मला फक्त दार उघडता येते."

दिवेलागणीला जेलचं दार उघडलं. तिथल्या वेटिंग रूममध्ये तिने मला बजावून ठेवलं होतं, "आज रागवायचं नाही. रागवायला पुढं आयुष्य पडलं आहे." मंदार बाहेर आला तो खांदे पाडून. सासूबाईंनी एक शब्द न बोलता त्या टीशर्टवरच तो कडक इस्त्रीचा शर्ट त्याला चढवला आणि लहान मुलासारखी बटणं लावली. मावशीने तेवढं होऊ दिलं आणि मग त्याच्यासमोर कागद धरला.

"नवी तारीख वाच."

त्याने वाचली.

"तशी नाही. महिन्याचं नाव घेऊन वाच. मोठ्यानं."

गार्ड बघत होता. माझा एम.टेक. झालेला नवरा बालवाडीतल्यासारखा महिन्याचं नाव घेऊन तारीख वाचत होता. तिसऱ्यांदा वाचताना त्याला स्वतःलाच हसू फुटलं. दुपारपासून आमच्यापैकी कुणी पहिल्यांदाच हसत होतं.

त्या तारखेला मावशी स्वतः कोर्टात हजर. मंदारच्या वकिलाने तारखेचा घोळ सांगितला, जज कागदावरून मान वर न करता हसले, आणि दंड भरून प्रकरण मिटलं. व्हिसालाही काही झालं नाही. पण ते कळेपर्यंतच्या दिवसांत ती रोज फोन करायची आणि कारण भलतंच सांगायची. "साबुदाणा कोणत्या दुकानात चांगला मिळते गं?"

सगळीच प्रकरणं अशी मिटत नसत. एक तरुण इंजिनियर दारू पिऊन गाडी चालवताना सापडला होता. तिने सोडवला आणि तारखेला तो आलाच नाही. फोन बंद. ती त्याला शोधत मित्राच्या अपार्टमेंटवर पोचली. ना आरडाओरडा, ना धमकी. खिचडी टाकली, दोघं जेवले. मग म्हणाली, "तू जजला घाबरत नाहीस. कोणाला घाबरतोस?" तो म्हणाला, "बाबांना." तिने तिथूनच साताऱ्याला फोन लावायला लावला आणि तो बोलत होता तितका वेळ त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या गाडीतून त्याला कोर्टात घेऊन गेली. ही गोष्ट मला तिने नाही सांगितली. तिने कधीच कुणाचं काही सांगितलं नाही. त्या मुलानेच सांगितली, तो आता आमच्याकडे जेवायला येतो.

गेल्या वर्षी तिचे गुडघे अगदीच बोलायला लागले. मुलगी तिकडे उत्तरेत, बर्फाच्या ट्रॉय गावाला असते, ती न्यायला आली. मंडळाने निरोपसमारंभ ठेवला. अध्यक्षकाकांनी माइक हातात घेऊन विचारलं, "मावशींबद्दल कोण दोन शब्द बोलेल?" हॉल भरलेला होता आणि कुणी हलेना. बोलायचं म्हणजे तिची ओळख कशी झाली ते सांगणं आलं. मी मंदारकडे बघितलं, तो छताकडे बघत होता.

सासूबाई उठल्या. त्या पुन्हा आमच्याकडे आलेल्या होत्या. माइक उलटा धरून म्हणाल्या, "माझ्या मुलाला यांनी जेलातून सोडवलं. मला त्या दिवशी फार आधार दिला. बस्स, एवढंच." मंदार कानापर्यंत लाल झाला. मावशी पहिल्यांदाच गोरीमोरी झाली. "अवो ताई, काय करून राहिल्या!"

अध्यक्षकाकांनी माइक परत घेतला. "हिशोबाच्या घोळात अडकलेल्या माझ्या भाच्याला यांनीच..." म्हणाले, आणि माइक खाली ठेवला. मग मागून कुणीतरी उठलं, मग खिडकीजवळचं एक जोडपं. बोलले थोडेच, पण त्या दिवशी तिची ओटी भरायला बायकांची रांग लागली.

ट्रॉयला मुलीने तिला सक्त ताकीद दिली आहे, की आता आराम. परवा मी व्हिडिओ कॉल केला तर मावशी भल्यामोठ्या जाड कोटात, कानटोपी घालून, मागे बर्फ.

"मावशी, कुठे आहेस?"

"कोर्टाबाहेर. बाकावर बसली आहे."

"अगं, पण तू रिटायर झालीस ना? तिथलं लायसन्स तरी आहे का?"

"बसायला लायसन्स लागते का बाप्पा?" ती म्हणाली, आणि तिची नजर स्क्रीनवरून हटून कुठेतरी पलीकडे गेली. "थांब गं, एक बाई येऊन राहिली, एकटीच आहे. ठेवते."

आणि तिने फोन ठेवलासुद्धा.