दारावरचा दाणा

जोसेफ गावितच्या शेजारी दुकान असणं म्हणजे वैशाखात चुलीपाशी बसण्यासारखं आहे. नंदुरबारला शहादा रस्त्यावर आमची दुकानं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. मी छगन, गाड्यांची सीट कव्हरं शिवतो आणि तो गाड्या रंगवतो. त्याला उशीर झाला म्हणून बोला, भाव जास्त सांगितला म्हणून बोला, तो ऐकून घेईल. त्याच्या रंगाला मात्र नाव ठेवू नका. एका गिऱ्हाइकाने ठेवलं, तर अर्धी रंगवलेली गाडी ढकलत त्याने रस्त्यावर नेऊन उभी केली होती. मी समजावायला गेलो आणि शिव्या खाऊन परत आलो.

माणूस नवापूरकडच्या डोंगरातला. तरुणपणी सुरतेला एका गॅरेजात काम शिकला. रंग फवारला की कधी कधी त्यावर दाणा उठतो, संत्र्याच्या सालीवर असतो तसा. तिथल्या मिस्त्रीने असा दाणा राहिलेलं बॉनेट दाखवून सगळ्यांसमोर त्याच्या कानफटात मारली होती. तेव्हापासून जोसेफचं दाण्याशी हाडवैर. पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर लाकडी गुटक्याला, सपाट ठोकळ्याला, गुंडाळायचा आणि दाणा मरेपर्यंत घासत राहायचं. मग मशीनने चमकवायचं. त्याने केलेल्या दारात बघून तुम्ही दाढी करू शकता. लोक त्याला आरसा मिस्त्री म्हणतात आणि तो ते नाव मिरवतो.

पूर्ण झालेल्या आरशाला मात्र एकाच माणसाने नाव ठेवलं होतं. सारंगखेड्याकडचे भूपेंद्रआबा, ऊस आणि केळीवाले. त्यांच्या जुन्या जीपचं बॉनेट जोसेफने केलं, नेहमीप्रमाणे काचेसारखं. आबा ती जीप घेऊन घोडेबाजारात गेले आणि चार माणसांत म्हणाले, "बाकी गाडी एकीकडे अन् बॉनेट एकीकडे. लांबूनच कळतं, ठिगळ आहे म्हणून." ठिगळ हा शब्द जोसेफच्या कानावर आला. तेव्हा आबा समोर नव्हते म्हणून बरं. बरेच दिवस तो भिंतीशी भांडत होता.

आणि आता मार्च महिन्यात त्याच आबांची नवी मरून रंगाची गाडी जोसेफच्या पत्र्याखाली उभी होती. आबांना याचा पत्ता नव्हता.

गाडी आणली होती त्यांच्या सुनेने, मोहिनीने. ती आमच्या गावातल्या शाळेत शिकवते. एसटीच्या भरवशावर नोकरी टिकेना, म्हणून ती गाडी शिकली. घरात तेव्हा बरंच रामायण झालं होतं. शेवटी आबांनी चावी दिली, पण अट घालून: गाडीला एक ओरखडा जरी आला, तर चावी परत आणि नोकरी बंद. माणूस शब्दाचा पक्का. आबा भाचीच्या लग्नाला सुरतेला गेले आणि इकडे उसाच्या ट्रॉलीला वाट देताना ट्रॉलीच्या लोखंडी दांड्याने मोहिनीच्या गाडीचं मागचं दार खरवडलं. माझ्या दुकानासमोर ती उतरली आणि पुसल्याने ओरखडा जाणार असल्यासारखं ते दार पदराने पुसू लागली. मलाच रडू येईल की काय असं झालं.

आबांना सांगायचं काय, तेही ठरलं. गाडी सीट कव्हरला दिली होती, असं. म्हणजे या कटात मीही आलो.

जोसेफने दारावरची खरवड पुट्टीने भरली, रंग मारला, वरून क्लिअर मारलं, म्हणजे चकाकीचा बिनरंगी थर. पण घाईत भर दुपारी मारलं. त्या उन्हात क्लिअर नीट बसायच्या आधीच त्यातलं थिनर उडून गेलं आणि दारावर दाणा आला, चांगला ठसठशीत. दुसऱ्या दिवशी दाणा घासून काढायचा होता. आबा त्याच्या पुढच्या दिवशी येणार होते, म्हणून त्या दुसऱ्या दिवशी दुपारीही आम्ही निवांत चहा पीत होतो.

शाळा सुटल्यावर मोहिनी धावतच आली. "आबा टेसनवर उतरनात! रिक्षा करीसन आठेच ई ऱ्हायनात," ती म्हणाली. आबा एक दिवस आधीच आले होते आणि स्टेशनवरून रिक्षाने इकडेच निघाले होते. त्यांनी फोनवर गाडी कुठे आहे विचारलं, तिने ठरलेलं सांगितलं, तर म्हणाले, कव्हरं मीच पाहतो.

मी कव्हरं चढवायला घेतली. जोसेफने बादली ओढली, पेपर भिजवला आणि लाकडी गुटका उचलला. घासायला लागला तसं दारावरून दुधासारखं पाणी ओघळू लागलं. पाणी पांढरं आहे तोवर फक्त वरचं क्लिअर निघतंय. त्यात लाली दिसली, की रंगाला लागलं आणि मग देवसुद्धा वाचवू शकत नाही. मोहिनी त्या पाण्याकडे डोळे लावून उभी होती.

मी गाडीतून बाहेर डोकावलो आणि हातातलं कव्हर तसंच टाकून उतरलो. दाराचा एक कोपरा जोसेफने काचेसारखा केला होता आणि त्याच्या शेजारी कंपनीचं पुढचं दार होतं. त्या दारावरही दाणा होता, बारीकसा. नव्या गाडीवर तो असतोच, कुणी बघत नाही. पण या कोपऱ्याशेजारी तो डोळ्यात भरत होता. सगळं दार असं झालं, तर आबा रिक्षातूनच म्हणाले असते, ठिगळ.

"जोसेफ, बस कर," मी म्हणालो. "बाकीना दरवाजा दख."

"त्या दरवाजासले दाणा शे. कंपनीवालासनी कामच कच्चं करेल शे."

"मग यालेबी तेवढाच ऱ्हाऊ दे!"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला चोरी करायला सांगतोय. "मन्हा हातना दरवाजा अन् दाणा ठेवू?"

तो पुन्हा घासू लागला. मला त्याचा संताप आला. अति तिथे माती हे जगाला कळतं, या माणसाला कळत नाही. आणि त्याच्या मनातली गोष्ट मला ठाऊक होती. त्याला हे दार आबांना दाखवायचं होतं. जीपच्या बॉनेटचं उट्टं काढायला देवाने दार पाठवलं होतं, आणि हा ते ओरखड्यासारखं लपवून ठेवणार होय!

मोहिनी पुढे झाली. तिने त्याचा हात धरला नाही, काही नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, मन्ही नोकरी जाई."

जोसेफ थांबला. पाणी ओघळत राहिलं. मग त्याने गुटका बादलीत टाकला आणि फळीवरचा मऊ स्पंज घेतला. स्पंजावर पेपर धरला, की दाण्याची नुसती टोकं झिजतात, खालची खळी तशीच राहते. चार हात मारायचे, पुढच्या दाराकडे बघायचं, पुन्हा चार हात. स्वतःच्या कामापेक्षा दुसऱ्याच्या कामाकडे बघून घासताना मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. काच झालेला कोपरा दाराच्या अगदी तळाशी होता, तिथे सावली पडत होती, आणि तेवढंच आमचं नशीब. मशीन फिरवून त्याने दार पुसलं तेव्हा त्याचा चेहरा औषध प्यायल्यासारखा झाला होता.

तेवढ्यात रिक्षा थांबली.

आबांनी कव्हरं पाहिली, शिवण ओढून पाहिली, मान हलवली. मग खिशातून रुमाल काढला आणि सवयीप्रमाणे गाडीभोवती एक चक्कर मारली. पुढचं दार पुसलं. मागच्या दाराशी आले. रुमाल हँडलपाशी गेला आणि पांढरा होऊन बाहेर आला.

"हाई काय शे?"

घासलेल्याची पूड फटीत राहिली होती. मोहिनीचा रंग उडाला. माझ्या तोंडून निघालं, "खडू, आबा. कापडवर खुणा कराना मन्हा खडू." माझी बोटंही पांढरीच होती, ती मी दाखवली.

आबा मागे सरले आणि डोळे बारीक करून गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहू लागले. मग त्यांचं लक्ष जोसेफकडे गेलं. तो आपल्या पत्र्याखाली ओला फडका घेऊन उभा होता.

"ये, जोसेफ, आठे ये," आबा म्हणाले आणि त्या मागच्याच दारावर त्यांनी थाप मारली. "दख. याले म्हणतस कंपनीना रंग. चारी दरवाजा एकसारखा. तू जलमभर घासशी, तरी तुले जमाव नही."

जोसेफच्या मानेवरची शीर टरारून फुगली. फडक्यातून पाणी गळायला लागलं, इतकी मूठ आवळली होती त्याने. मी मनात म्हटलं, संपलं. हा आता सगळं ओकणार, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा? मोहिनी खाली मान घालून उभी होती.

"नही जमाव, आबा," जोसेफ म्हणाला.

आबा खूश झाले. सुनेच्या हातात चावी देत म्हणाले, "गाडी चांगली ठेयेल शे तू. चाल, तूच चालव." ते शेजारच्या सीटवर बसले. मोहिनीने गाडी सावकाश मागे घेतली, रस्त्याला लावली आणि निघून गेली. तिने आमच्याकडे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर रडली असती.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी पाहिला. मला वाटलं, आता बादली उडणार, मशीन उडणार, कदाचित मीही उडणार. मी मुकाट्याने चिंध्या गोळा करू लागलो.

जोसेफ येऊन माझ्या शिलाई मशीनपाशी टेकला.

"छगन," तो हळूच म्हणाला, "त्यासले खरंच कळनं नही का?"

"नही कळनं," मी म्हणालो.

थोड्या वेळाने त्याने मला तेच पुन्हा विचारलं.